उरलेलं, शिळं आणि उष्टं

मावळातल्या एका बौद्ध शिबिर केंद्रात दहा दिवस राहायला गेलो. पहिल्या संध्याकाळी कामाची वाटणी झाली, त्यात माझ्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. मला फक्त चहा करता येत होता. चौतीस वर्षं आईच्या आणि नंतर बायकोच्या हातचं जेवलो. चुलीपाशी कुणी बोलावलं नाही आणि मीही आपणहून गेलो नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या, पासष्टीच्या. त्यांना जय भीम केला आणि खरं ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "जय भीम. काय येत न्हाई ना? मग उरल्यालं तू बघायचं." मला वाटलं, सगळ्यात सोपं काम मिळालं. नव्या स्वयंपाकाला निदान ठरलेली कृती असते आणि उरलेल्याला तीही नसते, कारण काय उरणार आणि किती उरणार हे रोज वेगळं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शिबिराला पंचावन्न माणसं होती. पहाटे साडेपाचला उठायचं, मग आनापानसती, म्हणजे आपला श्वास येतो-जातो त्याच्याकडे लक्ष ठेवून बसणं. संध्याकाळी मैत्री भावना, म्हणजे आधी स्वतःचं, मग मित्राचं, मग अनोळखी माणसाचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचंही भलं व्हावं असं मनात आणणं. मधल्या वेळात श्रमदान. जेवण पूर्ण शाकाहारी: सकाळी नाश्ता, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, रात्री हलकं काहीतरी. पंचावन्न माणसांचा अंदाज रोज बरोबर येणं शक्य नाही. कुणाचं पोट बिघडतं, कुणाला घरून निरोप येतो आणि तो निघून जातो. म्हणून रोज काहीतरी उरतंच.

पहिल्या रात्री भात उरला. मावशी म्हणाल्या, "भात नीट ठेव." पोळ्या ऊबदार राहाव्यात म्हणून आई त्या फडक्यात गुंडाळून ठेवते, एवढं मी पाहिलं होतं. तसंच मी केलं. गरम भाताच्या टोपावर घट्ट झाकण बसवलं, वर फडकं दुमडून घातलं आणि ध्यानाला जाऊन बसलो. सकाळी झाकण काढलं तर गोडसर, कुबट वास आला. वरचा थर ओला होता, बोट लावलं तर चिकट तार निघाली. मावशी रागावल्या नाहीत. "वास घे. पुन्ना घे. ह्यो वास डोक्यात ठेव." मग सगळा भात घमेल्यात काढून मी मागच्या कंपोस्टच्या खड्ड्यावर घेऊन गेलो. वाटेत चंक्रमण करणारी, म्हणजे सावकाश चालत ध्यान करणारी दहा-बारा माणसं होती. पंधरा जणांचं जेवण मी टाकायला नेत होतो आणि प्रत्येकाला ते दिसत होतं.

शिबिरात एक दादा होते, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे. दुपारी त्यांनी मला समजावून सांगितलं. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू असतात. त्यांचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे टणक कवच घेऊन झोपलेले जीव, भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांतले काही असं विष तयार करतात की भात पुन्हा कितीही तापवला तरी ते जात नाही. म्हणजे झाकण आणि फडकं घालून मी त्यांची सोय केली होती. उपाय मावशींना पूर्वीपासून ठाऊक होता, जिवाणूचं नाव तेवढं नव्हतं. जेवणं आटोपली की भात लगेच दोन-तीन मोठ्या परातींत बोटभर जाडीचा पसरायचा, पंख्याखाली निववायचा आणि तासाभराच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा. मी विचारलं, काल सांगितलं का नाही? "नीट ठेव म्हनलं हुतं की," त्या म्हणाल्या. नीट म्हणजे काय, हे विचारायचं मलाच सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वास शिकायला लागलो. मावशींकडे बिघडण्याच्या प्रत्येक पायरीला वेगळा शब्द होता. भाजी आधी 'उतरते', म्हणजे चव पडते, पण ती अजून वाया गेलेली नसते. मग ती 'आंबते'. वरणाला 'तार धरते'. शेंगदाण्याचं कूट 'खवट' होतं. ओलं खोबरं घातलेलं सगळ्यात आधी जातं, त्याच्या मागोमाग बटाटा. दोन दिवस त्या मला डोळे मिटायला लावून नाकापुढे वाट्या धरत होत्या. पहिल्या दिवशी सहापैकी दोन ओळखल्या. उतरलेली कोबीची भाजी मी चांगली म्हणून सांगितली, आणि ती जेवणात गेली असती तर मला कळलंही नसतं.

तिसऱ्या दिवशी नीट निववलेला भात हाताशी होता. नाश्त्याला फोडणीचा भात करावा असं ठरवलं; मला वाटलं, यात चुकण्यासारखं काही नाही. पण मावळातला भात इंद्रायणीचा. हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं, १९८७ साली आलं. आंबेमोहराचा वास त्यात उतरलेला आहे आणि शिजल्यावर तो मऊ, चिकट होतो. गरम भातावर तूप घेऊन खायला त्याच्यासारखा दुसरा नाही. फोडणीत तो घातला आणि मी कालथ्याने परतत राहिलो, तसा तो सुटा व्हायच्या ऐवजी एकजीव होत गेला. पाव तासाने कढईत मोहरी-हळदीचा पिवळा गोळा होता. मावशींनी तो परातीत काढायला लावला आणि म्हणाल्या, "ह्याला मोकळा कराय जाऊ नगं. त्यो चिकाट हाय तर चिकाट लागतं तिथं वापर."

चिकट लागतं ते थालीपिठात. शिळा भात हाताने कुस्करायचा, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, कोथिंबिरीच्या काड्या, ओवा, तीळ, तिखट, मीठ. भाताच्या चिकटपणाने पीठ धरून राहतं, थापताना तुटत नाही. पाणी जवळजवळ लागत नाही, कारण भातात ते आधीच असतं आणि मीठ लागलं की कांद्यालाही सुटतं. हे कळायच्या आधी मी तांब्याभर पाणी ओतून बसलो होतो. पीठ सैल झालं म्हणून ज्वारीचं पीठ वाढवलं, मग तिखट कमी पडलं, मग मीठ. शेवटी तीस थालीपिठांपुरतं उरलेलं संपवायला बसलेला मी सत्तर थालीपिठांचं पीठ मळून उठलो. उरलेलं संपवताना नवं उरलेलं तयार होऊ शकतं, हे त्या सकाळी कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी सुट्टी होती, तेव्हा भाजे गावची लेणी बघायला गेलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून तिथे भिक्खू राहत होते. माझ्या डोक्यात स्वयंपाकघरच होतं, म्हणून मी ते शोधत फिरलो. निजायचे दगडी ओटे दिसले, भव्य चैत्यगृह दिसलं, कातळात कोरलेली पाण्याची टाकी दिसली. त्यांतल्या एका टाक्यावर लेख आहे: महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी दान दिली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. चूल मात्र मला कुठे सापडली नाही. परत येऊन शिबिर चालवणाऱ्या एका ज्येष्ठ धम्मचारींना विचारलं. ते म्हणाले, "भिक्खू रांधत नसत, पात्रात पडेल ते खात. आणि आज मिळालेलं अन्न उद्यासाठी साठवून खायचं नाही असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीचा, नियमच आहे." म्हणजे ज्या फ्रिजभोवती माझा दिवस फिरत होता, त्याचा भिक्खूला काही उपयोग नव्हता. उरलेल्याचा प्रश्न गृहस्थांचा, आपला.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मज्झिम निकायातल्या धम्मदायाद सुत्तात बुद्ध स्वतःच्या उरलेल्या भिक्षान्नाबद्दल बोलतात. भुकेले भिक्खू असले तर त्यांनी हवं असल्यास ते खावं, नाहीतर जिथे गवत उगवलेलं नाही अशा जागी किंवा जिवंत प्राणी नसलेल्या पाण्यात ते टाकून दिलं जाईल. हे ऐकताना माझे कान तापले. तीन दिवस मी आमटीचं तेलकट धुवण मागच्या ओढ्यात ओतत होतो. त्या ओढ्यात खेकडे होते, मी ते पाहिलेही होते. जीव मारायचा नाही म्हणून मांसाहार टाळणाऱ्या स्वयंपाकघरात मी हे करत होतो. त्या संध्याकाळपासून धुवण शोषखड्ड्यात जायला लागलं.

पाचव्या दिवशी जे झालं ते सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं. दुपारची जेवणं झाली होती, ताटं घासायच्या जागी रांग होती. दोन-तीन ताटांत पोळ्या घडी घातलेल्या तशाच होत्या, कुणी हात लावला नव्हता असं वाटलं. टाकायला जीव होईना. त्या पाच-सहा पोळ्या मी उचलल्या आणि स्वयंपाकघरात उरलेल्या चाळीसेक पोळ्यांच्या टोपलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कुस्करा करायचा होता. मावशींनी ते पाहिलं. त्या उठल्या, अख्खी टोपली उचलली आणि शेजारच्या गोठ्यात म्हशीच्या टोपल्यात रिकामी केली. कोथिंबिरीची काडी वाया जाऊ न देणाऱ्या बाईने चाळीस पोळ्या टाकल्या आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. काय चुकलं ते मला कळेना. स्वच्छतेचा प्रश्न असेल, असं मी मनाशी म्हटलं.

चारच्या चहाला त्यांनी बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "माझी आजी येसकरपाळी असली की सांजचं टोपलं घेऊन दारूदार जायाची." येसकरपाळी म्हणजे गावकामाची पाळी. ज्या महार घराची पाळी असेल त्याने दिवसभर गावाची कामं करायची, हातात घुंगराची काठी, आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. ज्याच्या घरात हे घडलं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. "कुनाची सकाळची, कुनाची कालची, कुनाच्या पोरानं तोंड लावल्याली. कालवण समदं एकात वतायची. घरी आनून आजी ती भाकर निवडायची, तांदूळ निवडत्यात तशी. वाळल्याली येका अंगाला, वली येका अंगाला. वल्लीतली बुरशी काढायची. वाळल्याली मीठमिरचीच्या पान्यात शिजवायची. आई सांगायची आमाला."

चहा निवत होता. मी काही बोललो नाही.

मग त्यांनी मला तीन शब्द वेगळे करून दिले. "उरल्यालं म्हंजे आपुन आपल्या हातानं क्येलं आन जास्ती झालं. शिळं म्हंजे त्याच्यावर रात ग्येली. उष्टं म्हंजे दुसऱ्याला नगं झालं म्हनून त्यानं सोडलं. उरल्यालं मी कितीबी शिजवंन. शिळं वास घिऊन बघंन. उष्टं माज्या चुलीवर चढनार न्हाई."

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा आणि शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा असं सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आम्ही दरवर्षी आठवतो. त्याच परिषदेतलं हे दुसरं सांगणं मला भाषणांतून ठाऊक होतं, पण ते सांगणं एखाद्या घरातल्या टोपल्यापर्यंत कसं पोचलं असेल याचा विचार मी केला नव्हता. मावशींच्या आजोबांनी येसकरपाळीची काठी खाली ठेवली, तेव्हा त्या घराने उपास काढले. ते उपास या स्वयंपाकघरातल्या नियमामागे होते.

आणि मला माझी आई आठवली. आमच्या इमारतीतली एक बाई सणाच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन यायची, उरलेल्या पुरणपोळ्या, भजी. आई दारातच हसून नको म्हणायची आणि दार लावून घ्यायची. मला त्या पुरणपोळ्या हव्या असायच्या. आई उगाच ताठा करते असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. शिबिरातून फोन करायचा नसतो, म्हणून हे तिला सांगायला पाच दिवस थांबावं लागलं.

यानंतर माझ्या लक्षात आलं की मावशींची काही रीत होती आणि मी ती आधी पाहूनही पाहिली नव्हती. उरलेल्यातून केलेला पदार्थ त्या कधी लपवत नसत. "आज कालच्या भाताची थालीपिठं हायेत," असं पंगतीत स्पष्ट सांगत. तो सगळ्यांच्या ताटात सारखा जाई, शिबिर चालवणाऱ्या धम्मचारींच्याही. काहींना ताजं, काहींना कालचं, असं कधीच नाही. आणि पहिला घास त्या स्वतः खात.

शाकाहाराचं थोडक्यात सांगतो. आमच्या घरी रविवारी मटण असतं, एरवी सुकट-बोंबील. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही असं स्पष्ट आहे, प्राणिमात्रांवर दया करीन असंही आहे, पण मांस खाणार नाही असं नाही. बुद्धांच्या काळी भिक्खूसाठी मुद्दाम मारलं असं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तशी शंका असलेलं मांस वर्ज्य होतं; सरसकट बंदी घाला ही देवदत्त नावाच्या भिक्खूची मागणी बुद्धांनी मानली नव्हती. मग इथे शाकाहार का, असं मी धम्मचारींना विचारलं. ते म्हणाले, पहिल्या शीलाचा, म्हणजे जीव न मारण्याचा, सराव म्हणून, कुणावर सक्ती म्हणून नाही. मला हे पटलं. आठव्या दिवशी मात्र सुकटीची इतकी आठवण झाली की मी मावशींना तसं सांगितलं. त्यांनी उरलेल्या पिठल्यात चुलीवर भाजलेली सुकी मिरची आणि ठेचलेला लसूण घालून ते तव्यावर खरपूस केलं. घरी त्याही मटण करतात. मी सुकटीसाठी झुरत होतो ते त्या मिरची-लसणाच्या वासासाठीच होतं, असं खाल्ल्यावर वाटलं.

नवव्या रात्री धम्मप्रवचनात बुद्धांचा शिष्य आनंद याच्या चिवरांची, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांची, गोष्ट निघाली. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चिवरं दिली. राजाने विचारलं, एवढ्यांचं काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची फाटली आहेत त्यांना देईन. जुनी फाटकी? त्यांची पांघरुणं. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकीही विरली की कुटून चिखलात कालवून त्याने जमीन सारवायची. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे वरणाचा टोप होता. पहिल्या दिवशी वरण. दुसऱ्या दिवशी चिंच-गूळ घालून त्याची आमटी. तरी उरलं तर पिठात मळून त्याच्या पुऱ्या. आणि अगदी शेवटी खड्ड्यातलं खत, ज्यावर मावशींची कोथिंबीर उगवते.

दहाव्या दिवशी वरण उरलेलं होतं, मीच निववून ठेवलेलं. त्याच्या चकोल्या करायच्या ठरल्या. वरण पातळ करून फोडणी दिली, गोडा मसाला, गूळ, आमसूल. कणकेच्या पोळ्या लाटून शंकरपाळ्यांसारखे काप पाडले. उकळी आल्यावर ते थोडे थोडे सोडायचे असतात. मी घाईत परातच पालथी केली. काप एकमेकांना चिकटले, खाली बसले, तळ लागला. मावशींनी तळ न खरवडता वरचं सगळं दुसऱ्या टोपात काढायला शिकवलं. खरवडलं असतं तर जळका वास सगळ्यात उतरला असता. वाढायची वेळ झाली. त्यांनी स्वतःच्या ताटात एक ओगराळं घेतलं, खाली बसून खाल्लं. "मीठ कमी हाय," म्हणाल्या. मग दुसरं ओगराळं घेतलं, आणि मी पंगतीकडे टोप नेला.

घरी आल्यावर आईला मावशींच्या आजीचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिच्याही आजीचं असंच होतं.

आता रात्री आमच्याकडे भात उरला की मी तो परातीत पसरतो. तुमच्याकडेही उरत असेल. त्यावर लगेच झाकण ठेवू नका. आणि कामाला येणाऱ्या मावशींना डबा भरून द्यायच्या आधी, त्यातलं थोडं आपल्या ताटात वाढून खाऊन बघा. ते आपल्याला खाववलं नाही, तर त्यांनाही देऊ नका.